केल्वेकची कात्री आणि मामीच्या चकल्या

मी पत्रकांत वाढले. इचलकरंजीत बाबांचा लहानसा छापखाना आहे आणि लग्नपत्रिकांवर जे मिळतं ते बाबा पत्रकांवर उधळतात. पाणी, मजुरी, पुलावरचा खड्डा, विषय कुठलाही असो, शेवटी तीन उद्गारचिन्हं ठरलेली. माझा शाळेचा डबा पत्रकात बांधलेला असे, वह्यांना कव्हरं पत्रकांची असत आणि माझा पडलेला पहिला दात आईने ‘जाहीर निषेध’ या शब्दांत गुंडाळून ठेवला होता. नावही बाबांनीच ठेवलंय, ज्वाला.

अशी मुलगी दुबई-शारजाला जाते तेव्हा सोनं बघायला जात नाही. मी एक फिल्म कापायला गेले होते.

गास्तों केल्वेक हा फ्रान्समधल्या एका बंदरगावच्या न्हाव्याचा मुलगा. तो चित्रकार होता, दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा, भिंतींवरची फाटकी पोस्टरं सोलून त्यांची नवी पोस्टरं करायचा आणि संपवाल्यांना फुकट वाटायचा. त्याने बसता येणार नाही अशा खुर्च्या केल्या, नुसत्या खोकल्या-शिंकांचं रेडिओनाट्य केलं, कठपुतळ्या नाचवल्या. आणि फिल्मा काढल्या, बऱ्याचदा कॅमेऱ्याशिवाय. फिल्मची पट्टी कांद्याच्या सालींत उकळायची, तिच्यावर सुईने ओरखडे काढायचे, की झाला सिनेमा. बाबांच्या एका जुन्या मासिकात त्याच्याबद्दल दोन पानं होती. ती मी इतक्या वेळा वाचली की मासिक त्याच पानावर उघडायला लागलं. पुढे मिळेल ते जमवून मी त्याच्यावर एक पुस्तिकाच लिहिली.

त्याची सगळ्यात वात्रट फिल्म कात्रीची. प्रत्येक खेळानंतर केल्वेक आपल्या वडिलांची न्हाव्याची कात्री प्रेक्षकांसमोर धरायचा. पहिला हात वर करील त्याला ती मिळायची. नियम असा, की ज्याच्याकडे कात्री, त्याला जे जास्तीचं वाटेल ते त्याने कापावं. एकच काप. फिल्म कापली तर सुटलेला तुकडा तिथल्या तिथे प्रेक्षकांत वाटायचा. बहुतेकांनी फिल्मच कापली. पण एका शिंप्याने स्वतःचा टाय कापला, एका बाईने पडद्याची दोरी कापून खेळच बंद पाडला, आणि एका गावच्या न्हाव्याने केल्वेकची अर्धी मिशी उडवली. सगळे काप त्याने मान्य केले. तासाभराची फिल्म अशी झिजत काही मिनिटांवर आली. नक्कल काढायची मनाई होती. मरताना त्याने सांगून ठेवलं, की माझ्यामागे एक खेळ, एक शेवटचा काप, मग कात्री बंद. उरेल ते माझ्या मुलीचं.

तो शेवटचा खेळ शारजाच्या एका कलासंग्रहालयात होणार होता आणि उरलेली फिल्म तिथेच राहणार, असं मी वाचलं. माझं डोकंच फिरलं. जन्मभर ‘माझं काम श्रीमंतांच्या भिंतीवर टांगू नका’ म्हणणारा माणूस मेल्याबरोबर काचेच्या पेटीत? मी ठरवलं, पहिला हात माझा. पहिल्याच फ्रेमवर कापायचं. म्हणजे अख्खी फिल्म सुटेल, प्रेक्षकांत वाटली जाईल आणि संग्रहालयाला पेटीत ठेवायला हवा उरेल.

डिस्कव्हरी गार्डन्स

माझा मामा दुबईतल्या या वसाहतीत राहतो. शारजात त्याचं किचन आहे. मराठी डबे, फराळ, ऑफिसांच्या पार्ट्या. मामी त्याच किचनची खरी मालकीण. पंधरा वर्षांची ईशा त्यांची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीतच देते.

इथल्या इमारती इतक्या सारख्या, की मी पहिल्याच सकाळी खाली फिरून आले आणि आत्मविश्वासाने दुसऱ्याच कुणाच्या घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या मल्याळी काकूंनी मला बसवून चहा दिला आणि मग हसत मामाला फोन लावला. इचलकरंजीत असं चुकीच्या घरी गेलं, तर आधी ‘कुणाची गं तू?’ विचारतात आणि चहा नंतर येतो.

घरी परतले तर मामा माझ्या उघड्या बॅगेसमोर कमरेवर हात ठेवून उभा.

“हे काय आहे?”

“पत्रकं.”

“ते दिसतंय. दाजींची सही ओळखतो मी, तीन उद्गारचिन्हं.” त्याने एक उचलून मोठ्याने वाचलं. “‘केल्वेक काचेत मावणार नाही! पहिल्याच फ्रेमवर कापा! संग्रहालयासाठी एक इंचही शिल्लक ठेवू नका!!!’ शारजाच्या म्युझियममध्ये मराठी पत्रक? वाचणार कोण, उंट?”

“बाबा म्हणाले, पत्रक मातृभाषेतच पेटतं.”

“पेटूच देत नाहीत इथे, हबीबी. परवानगीशिवाय कागद वाटलास तर आधी तुला उचलतील, मग मला. माझं लायसन्स, ईशाची शाळा, सगळं खलास. आणि कहर सांगू? त्या खेळाला येणाऱ्यांच्या खाण्याची ऑर्डर माझ्याकडेच आहे.”

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मामी आली आणि गठ्ठा बघून म्हणाली, “पाठ कोरी आहे की. बरं झालं, घरच्या डब्यात खाली घालायला कागद नव्हता.”

गठ्ठा स्वयंपाकघराच्या कपाटात गेला. क्रांती जप्त झाली, तीही तेल टिपायला.

मी ईशाला कात्रीचा नियम समजावून सांगत होते. फळीवरची कात्री घेऊन हवेत दोनदा चालवून दाखवली, तर आतून मामी ओरडली.

“ज्वाला! रिकामी कात्री वाजवू नकोस! घरात भांडणं होतात.”

“मामी, ही अंधश्रद्धा आहे.”

“असू दे. तू आल्यापासून मामा तुझ्याशी भांडतोय ना? ठेव खाली.”

मी ती तिच्या हातात द्यायला गेले, तर तिने हात मागे घेतला. “हातात नाही द्यायची. खाली ठेव म्हटलं ना. मी उचलते.”

“ताई, जस्ट डू इट,” ईशा म्हणाली. “शी विल नॉट मूव्ह.”

माझ्या आईचंही हेच. समुद्र ओलांडला तरी कात्री ओट्यावरच ठेवायची असते.

शारजा, मामाचं किचन

डिस्कव्हरी गार्डन्सहून शारजाला जाताना गाड्या इतक्या मुंगीच्या चालीने सरकतात, की शेजारच्या गाडीतल्या माणसाशी माझी मैत्री झाली. तो नाश्त्याला काय खातोय, मग कुणाशी भांडतोय, मग दाढी कशी करतोय, सगळं बघून झालं. मामाच्या मते, इथले निम्मे संसार याच रस्त्यावर होतात.

किचनमध्ये त्या दिवशी पदार्थ चाखायला पाहुणे येणार होते. संग्रहालयाचा एक अधिकारी, कडक इस्त्रीचा, हातात सतत फोन. आणि त्याच्यामागे पांढऱ्या आखूड केसांची, सत्तरीतली, पायात साधे कापडी बूट घातलेली बाई. ती मादाम सोलांज, केल्वेकची मुलगी. माझ्या हातात तेव्हा चकलीच्या पिठाचा गोळा होता. क्रांतिकारकांच्या भेटी अशाही होतात.

शारजात दारू नाही, त्यामुळे फ्रेंच पाहुण्यांच्या हातात काय द्यायचं यावर अधिकारी चिंतेत होता. मामाने कोकम सरबत पुढे केलं. सोलांजबाईंनी एक घोट घेतला, रंग उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, “वडिलांनी यात फिल्म बुडवली असती.” सरबत पास झालं.

मग मामीने सोऱ्यातून चकली पाडली. गोल, गोल, गोल. बाई टेबलावर वाकल्या.

“हे तर फिल्मचं रीळ आहे!”

“चकली,” मामी म्हणाली. “चक-ली. यू ट्राय, मादाम.”

सोलांजबाईंनी सोऱ्या धरला. पहिली चकली गोगलगायीसारखी झाली, दुसरी तुटली, तिसरी बरी. मामीने तिसरीला “व्हेरी गुड” म्हटलं आणि पहिली हळूच परत पिठात मळली.

मला राहवेना. माझं इंग्रजी वादाला पुरतं, गोडीला पुरत नाही. मी सरळ विचारलं, “तुम्ही वडिलांना काचेच्या पेटीत का ठेवताय?”

मामाच्या हातून झारा पडला. अधिकाऱ्याने फोनवरून डोळे उचलले. बाईंनी मात्र चकली खाणं थांबवलं नाही.

“फिल्म सडते, मुली. तिला थंड खोली लागते. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, दोन्ही ओल्या. मी विकत नाहीये, यांच्याकडे ठेवतेय.”

“पण त्यांचं तत्त्व?”

“तत्त्व मला पाठ आहे. लहानपणी झोपताना गोष्टीऐवजी तेच ऐकलंय.” त्या हसल्या. “उरलेल्या मिनिटांत काय आहे, माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं. मासिकाच्या दोन पानांत ते नव्हतं.

“माझी आई. गच्चीवर चादरी वाळत घालतेय. मी चार वर्षांची असताना ती गेली. आमच्याकडे तिचे फोटो आहेत. पण ती हलते ती फक्त तिथे.”

“मग एक व्हिडिओ घेऊन ठेवा ना,” ईशा म्हणाली, अर्थात इंग्रजीत.

“नक्कल काढणार नाही, असा त्यांना शब्द दिलाय. कात्री पहिल्या हाताला देईन, हाही दिलाय. इतकी वर्षं लोकांनी पुढचं-मागचं कापलं, ती वाचली. आता परवा एक हात वर होईल.” त्यांनी बोटांचं तेल रुमालाला पुसलं. “तो कुणाचा असेल, तेवढंच मला माहीत नाही.”

मला माहीत होतं. मी पिठाचा गोळा उगाचच जोरात मळायला घेतला.

अल ऐन

मध्ये एक सुट्टीचा दिवस होता. मामाने सगळ्यांना गाडीत घातलं. दुबईची उंची मागे पडते, वाळू लाल होत जाते आणि मग अचानक खजुरीच्या बागांनी भरलेलं शांत गाव येतं. तिथल्या ओॲसिसमध्ये बांधीव पाटांतून पाणी खेळवतात आणि प्रत्येक बागेला पाण्याची पाळी असते. मी पाटाच्या काठावर उभी राहून सामुदायिक मालकीवर बोलायला लागले. आमच्याकडे पाळीवरून डोकी फुटतात, इथे पाणी कसं निमूट वळतं, वगैरे. बोलता बोलता पाय घसरला. चप्पल पाण्यात पडली आणि कुणाची पाळी होती कोण जाणे, त्याच्या बागेकडे निघाली. ईशा पळत जाऊन ती पकडेपर्यंत मामा हसत होता.

“सामुदायिक मालकीची झाली की गं चप्पल!”

सावलीत बसल्यावर मामीने पोळीभाजीचं खोकं काढलं. मामी कुठलंही खोकं सुतळीने बांधते, आणि तिच्या गाठीला या घराण्यात तोड नाही. मामाने नखं लावली, मी दात लावले, शेवटी गाडीच्या किल्लीने ती सुतळी कुरतडली.

“इतकी घट्ट कशाला बांधतेस?”

“वाटेत उघडू नये म्हणून.”

“घरी पोचल्यावरही उघडत नाही!”

जेवताना मामाने विषय काढलाच. “मग, उद्या वर करणार हात?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“दाजीपण असंच म्हणायचे. त्यांच्या तत्त्वाला घाबरून मी दुबई गाठली.” त्याने माझ्या पानात लोणचं वाढलं. “त्या बाईची आई आहे गं त्यात.”

“आणि एकेकाच्या आईसाठी एकेक अपवाद केला, तर नियम उरेल का?”

“नाही उरणार,” मामी म्हणाली. “भाजी घे.”

मी भाजी घेतली.

पुन्हा शारजा

संग्रहालयाच्या दारात सगळ्यांचे फोन काढून घेतले. आत केल्वेकच्या खुर्च्या होत्या, प्रत्येकीवर ‘बसू नये’ अशी पाटी. ज्या खुर्चीवर बसताच येत नाही तिच्यावर बसू नये! मी तिथेच एक निषेध मनात लिहून टाकला.

मामाचे लोक सरबत फिरवत होते. मामी नारायण पेठ नेसून आली होती आणि तिच्या हातात एक खोकं होतं, सुतळीने बांधलेलं.

“हे मादामला. घरच्या चकल्या. तिसरीसारख्या.”

अंधार झाला, प्रोजेक्टर खरखरायला लागला. पडदा कांद्याच्या सालीसारखा पिवळा. त्यात एक गच्ची, दोऱ्या, चादरी. एक तरुण बाई, तोंडात चिमटे धरलेली. वारा येतो, चादर तिच्या तोंडावर येते, ती चादरीशी भांडते आणि हसते, आणि हसताना चिमटे खाली पडतात. केल्वेकने सुईने ओरखडून एक लाल रेघ केली होती, ती तिच्याभोवती माशीसारखी नाचत होती. ती रेघेला हाताने हाकलतेय असं वाटावं, इतका तो वात्रट माणूस तिच्या प्रेमात होता. ती खाली वाकून चिमटे गोळा करते. संपलं.

दिवे लागले. सोलांजबाई पुढे आल्या, हातात ती जुनी कात्री. त्यांनी वडिलांचा नियम वाचून दाखवला, अधिकाऱ्याने तो अरबीत सांगितला.

“कुणाला हवी?”

सगळे भले लोक सरबताच्या ग्लासात बघत होते. माझा हात वर गेला. मी तो वर केला असं म्हणायचं धाडस आज होत नाही, पण गेला. छापखान्यात वाढलेला हात आहे तो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं. त्या चालत आल्या आणि कात्री मुठीकडून माझ्यापुढे धरली. शब्द म्हणजे शब्द. मी हात पुढे केला.

“अगं अगं अगं!” मामी मध्ये घुसली. “हातात नको! मादाम, नो हँड टू हँड! फाइट होता है! पुट डाऊन, पुट डाऊन!”

बाई गोंधळल्या. मामा कपाळ धरून उभा. ईशाने एका दमात खुलासा केला की आमच्यात हातोहात कात्री दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्याचं भांडण होतं, आधी खाली ठेवावी लागते. सोलांजबाईंनी माझ्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं.

“भांडण तर मला मुळीच नकोय,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कात्री शेजारच्या टेबलावर ठेवली. तिथेच मामीचं खोकंही होतं.

आता उचलायची मी. माझा हात टेबलाकडे निघाला, एवढं सगळे मान्य करतात. तो किती वेगाने निघाला यावर दोन पक्ष आहेत. ईशाच्या मते तो मध्येच थांबला होता. माझ्या मते मी नेमकी जागा बघत होते. काही असो, मामी त्याआधी पोचली.

“कात्री आलीच आहे तर,” असं म्हणत तिने ती उचलली आणि खोक्याची सुतळी कापली. खट्.

सगळ्यांच्या माना मामीकडे वळल्या.

“व्हॉट?” मामी म्हणाली. “गाठ सुटत नाही ती. चकली घ्या, मादाम.”

अधिकाऱ्याचा आवाज फाटला. “तो काप होता! शेवटचा काप!”

“ज्याच्याकडे कात्री,” सोलांजबाई सावकाश म्हणाल्या, “त्याला जे जास्तीचं वाटेल ते. एकच काप.” मग त्या हसायला लागल्या, चादरीतल्या बाईसारख्याच, तोंडात चिमटे नव्हते एवढंच. हसता हसता त्या खुर्चीवर बसल्या, ‘बसू नये’ पाटीच्या खुर्चीवर, आणि तिच्यावरून घसरून मामीच्या गळ्यात पडल्या. मामी त्यांची पाठ थोपटत मला विचारत होती, “काय केलं गं मी?”

मी नियमावर वाद घालणार होते. खरंच घालणार होते. पण टाय चालला, पडद्याची दोरी चालली, मिशी चालली, तर सुतळी का नाही? माझ्याच पुस्तिकेत हे तिन्ही दाखले मी कौतुकाने दिलेत.

बाईंनी खोकं उघडलं. चकल्या उचलल्यावर खाली कागद निघाला. मामीने पाठ वर करून घातला होता, पण तेलाने तो आरपार झाला होता. तीन उद्गारचिन्हं उलटी, पण ठसठशीत.

“हे काय लिहिलंय?” बाईंनी मला विचारलं.

मामाने मागून कळवळून हात जोडले. ‘चकली ताजी आहे’ असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मी पत्रकाचा खोटा अनुवाद करणारी नाही. सगळं सांगितलं. केल्वेक काचेत मावणार नाही. पहिल्याच फ्रेमवर कापा. एक इंचही शिल्लक ठेवू नका. उद्गारचिन्हंही सांगितली.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, दुसरी चकली तोडली आणि अधिकाऱ्याला म्हणाल्या, “सुतळीबरोबर हेही पेटीत ठेवा. वडिलांना फार आवडलं असतं.”

“मी विरोध करते,” मी म्हटलं.

“अर्थात,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर.”

इचलकरंजी

परतल्यावर बाबांनी मशीन बंद न करताच विचारलं, “किती वाटलीस?”

“एक.”

“एकच? बाकीची?”

“मामी चकल्यांखाली घालतेय. वर्षभर पुरतील.”

“आणि ते एक, वाचलं कुणी?”

“मी वाचून दाखवलं. एका बाईंनी ऐकलं. सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत.”

बाबांनी मशीन बंद केलं. चष्मा काढून पुसला. “माझं अजून कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नाही,” ते म्हणाले. “काय म्हणाल्या?”

“आधी आणखी एक चकली खाल्ली.”

मग मी त्यांना ईशाने पाठवलेला फोटो दाखवला. काचेची पेटी, आत कात्री, सुतळीचे दोन तुकडे आणि आमचं पत्रक. बाबांचे कान लाल झाले. काचेत? आपलं पत्रक? शाळेच्या डब्यापासून ओळखीचा तो आवाज चढायला लागला आणि मी मनात उद्गारचिन्हं मोजायची तयारी केली. पण मध्येच ते थांबले आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

“खाली मुद्रकाचं नाव दिसतंय का गं?”

मी फोटो मोठा केला. कागदावर चकलीच्या तेलाचं गोल वेटोळं उमटलं होतं आणि बरोबर त्याच्या मधोमध आमच्या छापखान्याचं नाव.

तो फोटो आता छापखान्यात गिऱ्हाइकांच्या बाकासमोर लावलाय. बाबांनी स्वतः जाऊन फ्रेम करून आणला. काच घालून.